आठ किलो शिदोरी आणि इंका ट्रेल

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या आणि त्यांचे यजमान, दोघंही पन्नाशी ओलांडलेले, पुढच्या जूनमध्ये पेरूला निघालेत. कळसूबाई, साल्हेर, हरिश्चंद्रगड नेहमीचे, हिमालयात सार पास झालेला. दोघं शाकाहारी, अंडंही खात नाहीत, कांदा-लसूण चालतो. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत. माचू पिक्चूला जाणारा चार दिवसांचा इंका ट्रेल करावा की सालकान्ताय डोंगराकडून जाणारा, आणि दोघांत मिळून आठ किलो खाऊ नेला तर पुरेल का. सोबत यादीही आहे : ठेपले, भाकरवडी, रेडी-टू-ईटची बावीस पाकिटं, तुपातले लाडू, लोणच्याची बरणी, मूगडाळ, तांदूळ.

ताई, आधी यादीचं बोलू. आठ किलो पुरेल का, हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण आठ किलो तुम्हाला नेताच येणार नाही. इंका ट्रेलवर खेचरं किंवा घोडी नेऊ देत नाहीत, सगळं सामान माणसं पाठीवर वाहतात. एका हमालाच्या पाठीवर किती वजन असावं यावर तिथे कायद्याची मर्यादा आहे, वीस किलोची, आणि वाटेवरच्या चौकीत काटा लावून वजन बघतात. त्या वीस किलोत तंबू, भांडी, गॅस, सगळ्यांचा शिधा आणि हमालाचं स्वतःचं पांघरूणही येतं. त्यामुळे तुमच्या वाट्याला साधारण सात किलोची पिशवी येते, स्लीपिंग बॅग आणि मॅट धरून. ती दोन वजा केली की कपड्यांना चार किलो उरतात. बाकी सगळं तुमच्या स्वतःच्या पाठीवर. चार हजार मीटरवर मसालेभाताची पाकिटं पाठीवर घेऊन चढायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

मी गेली काही वर्षं पुण्यातून छोटे गट घेऊन आन्देसमध्ये, म्हणजे अँडीज पर्वतात, जातोय. पहिल्या खेपेला मीही तुमच्यासारखीच यादी केली होती. अर्धा खाऊ ट्रेकआधीच्या मुक्कामी, कुस्को शहरातल्या हॉटेलात वाटून आलो.

पण तुमची भीती मला समजते, आणि ती खोटी नाही. फक्त ती चुकीच्या जागी आहे. आन्देसमध्ये शाकाहारी माणसाला खायला नसतं, असं अजिबात नाही. अडचण होते ती रश्श्यात आणि शब्दांत.

पहिल्याच गटाची गोष्ट सांगतो. बुकिंगच्या फॉर्मवर आठही जणांसमोर ‘शाकाहारी’वर खूण केलेली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडाक्याच्या थंडीत किन्वा या तिथल्या धान्याचं वाफाळतं सूप आलं. गाजर, बटाटा, वर कोथिंबीर. आमच्यातल्या एका काकांनी तीन वाडगे घेतले आणि स्वयंपाक्याचं कौतुक करायला म्हणून मुद्दाम स्वयंपाकाच्या तंबूत गेले. तिथे पातेल्याशेजारी ताटलीत कोंबडीची हाडं काढून ठेवलेली. पुढचे दोन दिवस काका कोरड्या ब्रेडवर होते. सूपच काय, चहासुद्धा संशयाने बघून प्यायचे.

स्वयंपाकी फसवत नव्हता हो. त्याने आमच्या वाडग्यात मांसाचा एक तुकडाही येऊ दिला नव्हता, आणि त्याच्या हिशेबात तेवढं म्हणजे शाकाहार. उपासाची बटाट्याची भाजी करायला एखाद्या परक्या माणसाला सांगा. कांदा घालू नको म्हणालात तर तो घालणार नाही, पण हळद आणि मोहरी घालेल. त्याला काय माहीत की तीही चालत नाही? नियम आपल्या डोक्यात असतात, बटाट्यावर लिहिलेले नसतात. तसंच हे.

म्हणून नुसतं ‘वेखेतारियानो’ म्हणून थांबायचं नाही. स्पॅनिशमध्ये ‘कार्ने’ म्हणजे मांस, पण बोलीत त्याचा अर्थ बहुतेक वेळा गाय-डुकराचं मांस. ‘सिन कार्ने’ मागितलंत तर कोंबडी येऊ शकते आणि तक्रार केलीत तर समोरच्याला खरंच आश्चर्य वाटतं, कारण कोंबडी म्हणजे ‘पोयो’, कार्ने नव्हे. मासा म्हणजे ‘पेस्कादो’, आणि डब्यातला ट्यूना म्हणजे ‘आतून’. हा आतून शाकाहारी माणसाच्या सॅलडमध्ये हमखास सापडतो. ‘हामोन’ म्हणजे हॅम, तोही सँडविचमध्ये न विचारता येतो. तेव्हा एक वाक्य पाठ करा : ‘नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन, नी वेवो.’ मी मांस खात नाही, कोंबडी नाही, मासा नाही, हॅम नाही, अंडं नाही. लांब वाटलं तरी पूर्ण म्हणा.

त्यापुढचे तीन शब्द याहून महत्त्वाचे. ‘काल्दो’ म्हणजे रस्सा, हाडं उकळून काढलेला. ‘कुबितो’ म्हणजे सूपात टाकायची वडी, जी जवळजवळ नेहमी कोंबडीच्या चवीची असते. आणि ‘मान्तेका’ म्हणजे डुकराची चरबी, जी पावात आणि तळणात असू शकते. सूप समोर आलं की ‘कोन काल्दो ओ कोन आग्वा?’ असं विचारायचं, रश्श्यात केलंय की पाण्यात. माणूस क्षणभर घुटमळला तर सूप सोडा. गोडात लाल-हिरवी थरथरणारी ‘खेलातिना’ देतात, ती प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होते. चीज कशाने विरजलंय, याबाबत तुम्ही काटेकोर असाल तर डोंगरातलं ताजं ‘केसो’ टाळा, ते बहुधा वासराच्या जठरातल्या रेनेटने केलेलं असतं. याबाबत काटेकोर नसाल तर चीज तिथे मोठा आधार आहे. हा निर्णय मात्र घरून निघण्याआधी दोघांनी बसून घ्या, डोंगरात भुकेल्या पोटी नको.

बरेच स्वयंपाकी आणि हमाल क्वेचुआ बोलणारे असतात, स्पॅनिश त्यांची शिकलेली भाषा. ‘मानान आइचाता मिखुनिचू’, मी मांस खात नाही, एवढं क्वेचुआत म्हणालात की आधी हशा पिकतो आणि मग ती गोष्ट कुणीही विसरत नाही. आभाराला ‘सुल्पायकी’.

हे सगळं बोलायचं कुणाशी आणि केव्हा? पुण्या-मुंबईच्या एजंटला सांगितलं की लिमाला कळतं, लिमाहून कुस्कोला, कुस्कोहून गाइडला, आणि गाइडकडून स्वयंपाक्याला. या प्रवासात ‘अंडं नाही’ हे हमखास गळतं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाइड हॉटेलवर माहिती द्यायला येतो. स्पॅनिशमध्ये छापलेला कागद त्याच्या हातात तेव्हा द्या, कारण स्वयंपाक्याची भाजी-किराणा खरेदी बरेचदा त्याच सुमाराला होते. दुसरी प्रत तुमच्या खिशात. पहिल्या दुपारी जेवणाआधी स्वतः स्वयंपाकाच्या तंबूत जा, हात मिळवा, कागद दाखवा, पातेल्याकडे बोट करून विचारा. त्यांना त्याचा राग येत नाही. तीन कोर्सचं जेवण दोन बर्नरवर तंबूत करणारी ही माणसं आपल्या कामाचा अभिमान बाळगून असतात, आणि कुणी तंबूत येऊन बघतंय याचं त्यांना कौतुकच वाटतं.

अंडं न खाणाऱ्यांची खरी पंचाईत सकाळी होते. ऑम्लेट, अंड्याचे पॅनकेक, आणि तेही नको म्हटलं की जॅम-पाव. यावर उपाय आधीच सांगून ठेवायचा. ओटची किंवा किन्वाची पेज मागा. सफरचंद, दालचिनी, लवंग घालून केलेली किन्वाची पातळ गोड पेज कुस्कोच्या रस्त्यांवर पहाटे गाड्यावर विकतात, कामाला जाणारी माणसं उभ्या उभ्या पितात. स्वयंपाक्याला ती येतेच, परदेशी पाहुण्याला ती द्यावी असं त्याला सुचत नाही, इतकंच. सोबत ‘पाल्ता’, म्हणजे अवाकाडो, मीठ-लिंबू मारून पावावर.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे येतो. आपल्या उपासाचं ताट डोळ्यांसमोर आणा. बटाटा, रताळं, साबुदाणा, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा. वरी आणि काकडी सोडली तर त्यातलं जवळजवळ काहीच मूळचं आपलं नाही. हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं, आणि त्यातला बटाटा तर थेट आन्देसच्या याच डोंगरांतला. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा तिथे ‘युका’ म्हणून उकडून, तळून खातात. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचाच. आणि राजगिऱ्याचा आन्देसमधला सख्खा भाऊ ‘किविचा’. कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात फुलवलेल्या किविचाच्या पाकातल्या वड्या मिळतात. डोळे मिटून खाल्लीत तर आळंदीच्या बाहेर घेतलेली राजगिऱ्याची चिक्की वाटेल. तिथला काळपट गूळ ‘चान्काका’. भोपळा आणि रताळ्याच्या पिठाची तळलेली कडी, ‘पिकारोनेस’, त्याच्या पाकात बुडवून देतात. आपल्या घारग्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. एकादशीचं ताट घेऊन तुम्ही त्याच्या माहेरी निघालात, आणि जाताना बावीस पाकिटं सोबत नेताय!

बटाट्याचं तर काय सांगावं. आन्देसमध्ये चार हजारांवर देशी वाण आहेत. लिमाला १९७१ पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे, तिथे त्यांचा संग्रह जपतात. बाजारात जांभळे, पिवळेधमक, अननसासारखे डोळे असलेले, बोटाएवढे, सगळे ढिगाने. पण माझा जीव ज्याच्यावर जडला तो ‘चुन्यो’. जूनमध्ये तिथे हिवाळा असतो. रात्री उंच पठारांवर पाणी गोठतं आणि दिवसा ऊन कडक. छोटे कडू बटाटे रात्री उघड्यावर गवतावर पसरून ठेवतात, ते गोठतात. सकाळी उन्हाने सैल झाले की पायांनी तुडवून पाणी काढतात. पुन्हा रात्री गोठवायचे, पुन्हा दिवसा वाळवायचे. काही दिवसांत दगडासारखे कडक पण हलके काळे गोळे तयार होतात, ते वर्षानुवर्षं टिकतात. वाहत्या ओढ्यात भिजवून केलेला पांढरा प्रकार म्हणजे ‘मोराया’. आपण मे महिन्यात गच्चीवर वाळवणं घालतो, हे थंडीचं वाळवण. तुम्ही जूनमध्येच जाताय, तेव्हा वरच्या गावांत ते पसरलेलं दिसेल. चव? खरं सांगू, पहिल्या घासाला ओल्या पुठ्ठ्यासारखी. चीजच्या झणझणीत सॉसबरोबर तिसऱ्यांदा खाल तेव्हा आवडू लागेल.

प्रथिनांची काळजी घरचे फार करतात, तुमचंही पत्र त्याचसाठी अर्धं पान घेतं. किन्वा आहेच. वाळलेले-ओले घेवडे ‘आबास’ आहेत, मसूर ‘लेन्तेखा’ आहे, फोडलेला वाटाणा ‘आर्व्हेखा पार्तिदा’ आहे. आणि ‘तार्वी’ आहे, ज्याला उत्तरेकडे ‘चोचो’ म्हणतात. पांढरे चपटे दाणे, सोयाबीनच्या तोडीचं प्रथिन. कच्चे कडूजहर असतात, उकळून कित्येक दिवस वाहत्या पाण्यात ठेवून कडवटपणा काढतात, म्हणून विकत घेतलेले तयारच खायचे. वाराझला गेलात तर रस्त्यावर चोचोचं ‘सेविचे’ मिळतं. कांदा, टोमॅटो, मिरची, भरपूर लिंबू. सेविचे म्हटलं की कच्चा मासा डोळ्यांसमोर येतो, पण हे निखळ शाकाहारी आहे आणि आपल्या उसळीच्या भेळेसारखं लागतं.

शहरात काय मागाल? ‘पापा आ ला वानकाइना’, उकडलेला बटाटा आणि पिवळ्या मिरचीचा चीजचा सॉस, पण वर उकडलेलं अंडं ठेवतात, ते नको सांगा. ‘सोल्तेरितो’, आरेकिपाकडचं घेवडा-मका-चीजचं सॅलड. मोठ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस ‘चोक्लो’, चीजच्या तुकड्यासोबत. भाजलेले मक्याचे दाणे ‘कान्चा’, हे ट्रेकला खिशात भरून न्या, फुटाण्यांची जागा घेतात. मशरूमचं ‘साल्तादो’ सोया सॉसमध्ये परतलेलं. ‘तायारिनेस वेर्देस’ ही पालकाच्या हिरव्या सॉसमधली शेवई, वर मांसाचा तुकडा न ठेवता मागायची. ‘रोकोतो रेयेनो’ आणि ‘पापा रेयेना’ दिसायला भरली मिरची आणि बटाटेवडा, पण आत खिमा. फसू नका. चिनी-पेरूव्हियन खानावळीत, ‘चिफा’त, भाताचा ‘चाउफा’ मिळतो, पण त्यात अंडं आणि कढई तीच.

‘कुई’, म्हणजे गिनीपिग, अख्खं भाजून ताटात दिसेल. डोंगरातल्या घरात चुलीपाशी ती फिरतानाही दिसतील. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस झापाताने काढलेल्या येशूच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रातही मधल्या ताटात तोच प्राणी आहे असं गाइड सांगतात. तोंड वाकडं करू नका, एवढंच. ते त्यांच्या सणाचं अन्न आहे.

आता डाळ-तांदळाचं. तुमची मूगडाळ घरी ठेवा. एकतर कच्ची कडधान्यं, बियाणं, ताजी फळं, दुधातुपाचे पदार्थ हे कस्टमला नको असलेले प्रकार. पाकीटबंद, भाजलेलं, नाव छापलेलं तेवढंच न्या आणि जे आहे ते जाहीर करा. पेरूनंतर चिलीत पातागोनियाला जायचा विचार असेल तर अधिकच सांभाळून. तिथला कृषी विभाग बॅगेत विसरलेल्या एका सफरचंदासाठीही दंड करतो. दुसरं कारण स्वयंपाकघरातलं. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू अंदाजे एक अंश उतरतो. चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. बुडबुडे येतात, वाफ येते, पण डाळ शिजत नाही. एकदा सालकान्तायच्या तळावर मी हट्टाने उघड्या पातेल्यात वरण लावलं, दीड तासाने दाण्याला दाणा वेगळा. गॅस संपल्यावर स्वयंपाक्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती अजून विसरलो नाही. तेव्हापासून मी एजन्सीकडून एकच गोष्ट लेखी घेतो : स्वयंपाकघरात प्रेशर कुकर, ‘ओया आ प्रेसियोन’. तो असला की तिथलाच मसूर किंवा फोडलेला वाटाणा छान शिजतो, फोडणी तुम्ही द्या. मात्र खिंडीच्या आदल्या रात्री डाळी-घेवडे भरपेट खाऊ नका. उंचीवर हवेचा दाब कमी झाला की पोटातला वायूही फुगतो, हे आठ जणांच्या तंबूत तुम्हाला स्वानुभवाने कळेल.

मग न्यायचं काय? दोघांत मिळून दोन किलो. हिंग, जिरं-मोहरीची छोटी डबी (भाजून, म्हणजे बियाणं ठरत नाही), गोडा मसाला, आणि शेंगदाण्याची किंवा तिळाची कोरडी चटणी भरपूर. उंचीवर जिभेची चवच जाते, आणि चौथ्या दिवशी तोच भात-बटाटा समोर आला की चमचाभर चटणी जेवण वाचवते. मेतकूट न्या, गरम भातावर त्याच्यासारखं काही नाही, पचतंही हलकं. उपमा-पोह्यांची गरम पाणी घालून होणारी आठ-दहा पाकिटं, ज्या सकाळी ऑम्लेटशिवाय काही नसेल त्यासाठी. आमसुलं. चहाचा मसाला, कारण तिथला चहा म्हणजे कोमट पाण्यात पिशवी. इलेक्ट्रॉल. बस्स. तेलातलं लोणचं नको, वर दाब कमी होतो, बरणीचं झाकण दगा देतं आणि मग स्लीपिंग बॅगला आठ दिवस कैरीचा वास. रेडी-टू-ईटची पाकिटं फुगून फुटबॉल होतात, आणि त्यांचं निम्मं वजन पाण्याचं, जे वर ओढ्यात फुकट आहे. भाकरवडी न्या, पण कुस्कोत हॉटेलवरच संपवा. त्याहून वर गेल्यावर तळलेलं उतरत नाही.

कोणी जैन मित्र सोबत येत असतील तर त्यांना आधीच स्पष्ट सांगा. कंदमुळं, कांदा, लसूण वगळून आन्देसमध्ये ट्रेक करायचा तर किन्वा, भात, मका, घेवडा, भोपळा यांवर राहावं लागेल, आणि भातसुद्धा तिथे लसूण परतूनच शिजवतात. होतं, मी नेलेत लोक. पण त्यासाठी स्वतंत्र पातेलं आणि स्वयंपाक्याला वेगळे पैसे, दोन्ही आधी ठरवा.

आता मार्ग. इंका ट्रेल अंदाजे ४३ किलोमीटरचा, रेल्वेच्या ८२व्या किलोमीटरपासून निघतो. सर्वांत उंच जागा वार्मिवान्युस्का, म्हणजे मेलेल्या बाईची खिंड, ४,२१५ मीटर. तुमच्या सार पासएवढीच. फरक असा की इथे बर्फाऐवजी दगडी पायऱ्या आहेत, हजारो, आणि चढापेक्षा उतार गुडघे काढतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट उतरलेल्या माणसाला त्याचं नवल वाटणार नाही. काठ्या न्या, टोकांना रबर लावून, त्याशिवाय परवानगी नाही. चौथ्या सकाळी इंती पुंकूतून, सूर्यदारातून, माचू पिक्चू खाली दिसतं. सालकान्तायची खिंड ४,६०० च्या वर आहे, थंडी जास्त, मोकळेपणा जास्त, ६,२७१ मीटरचं शिखर अंगावर येतं, आणि पलीकडे दोन दिवसांत तुम्ही कॉफीच्या मळ्यांत उतरता. सामान खेचरांवर, म्हणून वजनाचा जाच थोडा कमी. माझं मत विचारलंत म्हणून सांगतो : परवाना मिळाला तर इंका ट्रेल करा. तो जास्त सुंदर आहे म्हणून नव्हे, तर चार हजारांवर झोपावं लागत नाही आणि वाटेत रुंकुराकाय, सायाकमार्का, फुयुपातामार्का अशी जुनी ठाणी लागतात, नुसतं चालणं राहत नाही. दिवसाला पाचशेच परवाने निघतात आणि त्यात गाइड-हमालही धरलेले, म्हणून जूनसाठी सहा-सात महिने आधी हालचाल करा. नोंदणीकृत एजन्सीशिवाय जाता येत नाही, परवाना पासपोर्टच्या नंबरावर असतो. मध्ये पासपोर्ट नवा केलात तर जुनाही न्या. नाही मिळाला तर सालकान्ताय, त्यात कमीपणा काहीच नाही. आउसांगातेची प्रदक्षिणा या खेपेला नको, तिथे खिंडी पाच हजारांपलीकडे आहेत.

कुस्को ३,४०० मीटरवर आहे आणि लिमा समुद्रकाठी. विमान तुम्हाला सव्वा तासात वर फेकतं. उतरल्या उतरल्या कुस्कोत थांबू नका, गाडी करून थेट पवित्र खोऱ्यात ओयांतायतांबोला जा, ते २,८०० च्या आसपास. दोन रात्री तिथे, मग दोन कुस्कोत, मग ट्रेक. पहिले दोन दिवस संध्याकाळी हलकं जेवा, भोपळ्याचं सूप (पाण्यातलं!) आणि पाव पुरे. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो आणि तिथे तो कायदेशीर आहे. मला ‘मुन्या’ नावाच्या डोंगरी पुदिन्याचा काढा जास्त मानवतो, पोट हलकं ठेवतो. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरचं औषध, घ्यायचं असेल तर इथल्या डॉक्टरांना विचारून, सल्फाची ऍलर्जी असल्यास मुळीच नाही. कोकाची पानं किंवा चहाच्या पिशव्या आठवण म्हणून बॅगेत मात्र टाकू नका, भारतात अमली पदार्थांच्या कायद्यात कोकाचं पान येतं. खिंडीत गाइड तीन पानं बोटांत धरून डोंगरदेवाला, ‘आपू’ला, फुंकर घालून वाहतो. बेलाचं त्रिदळ वाहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ती पानं तिथेच ठेवायची असतात.

शेवटच्या रात्री स्वयंपाकी आणि हमालांना बक्षिसी द्यायची पद्धत आहे, सोलमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, सुटे घेऊन जा आणि हातात द्या. तुमच्यासाठी वेगळं पातेलं ठेवणाऱ्याला थोडं जास्त.

राहिली कागदपत्रं. किमान सहा महिने शिल्लक असलेला अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा व्हिसा असेल तर भारतीयांना पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही, नसेल तर दिल्लीच्या वकिलातीतून. अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर नुसत्या थांब्यालाही त्यांचा व्हिसा हवा.

आणि जी गोष्ट तुमच्या पत्रात नाही, ती ही. पेरूहून परत येताना भारतात पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात. नसेल तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आणि हे कागदावरचं नाही, करतात. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आणि दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. साठीपुढच्या कुणाला पहिल्यांदा घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. तुमच्यासाठी आणखी एक : ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात. गेल्या खेपेला एका जोडप्याला हे लसीकरण केंद्राच्या रांगेत कळलं आणि तिथेच दोघांत वाद सुरू झाला. तुम्ही तो घरी, तिकिटं काढायच्या आधी घालून घ्या.